समजा, सोन्याचा भाव तोच राहिला

पैसा कसा वापरावा हे मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं माझा स्वतःचा पगार वीस तारखेला संपत असे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणाचा गैरसमज नको. स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईच्या घरी आमटी करपते, तसलाच हा प्रकार.

धुळ्याला देवपुरात आमची शाळा होती. मी तिथे इतिहास-भूगोल शिकवायला लागले ते साधारण चौसष्ट साली. अर्थशास्त्रात बी.ए. झाले होते, पण त्या विषयाला शाळेत जागा नव्हती. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शेवटी दोन धडे असत, एक पंचवार्षिक योजनांचा आणि एक सहकाराचा, आणि परीक्षा जवळ आली की सगळे शिक्षक ते 'घरी वाचा' म्हणून सोडून देत. मी एकदा शिक्षकखोलीत यावर जरा मोठ्या आवाजात बोलले. हेडमास्तर शेजारच्या खोलीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "शनिवारचा शेवटचा तास तुम्हाला दिला. दहावी आणि अकरावी एकत्र बसवा. काय शिकवायचं ते तुम्ही ठरवा, फक्त मुलं गेटबाहेर दिसता कामा नयेत." वेळापत्रकात त्या तासाला 'व्यवहारज्ञान' असं नाव पडलं. मुलं त्याला 'पैशाचा तास' म्हणत.

शनिवारची शाळा सकाळची. शेवटच्या तासाला सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत असत. अशा मुलांना मागणी आणि पुरवठ्याची व्याख्या सांगून काही उपयोग नसतो, हे मला पहिल्याच शनिवारी कळलं. मग मी घरातल्या वस्तू वर्गात आणायला लागले. सहासष्टच्या सुमाराला रेशनवर लाल मिलो मिळायची, अमेरिकेहून आलेली ज्वारी. मी मूठभर मिलो कागदावर पसरली आणि नकाशावर दाखवलं, ही कुठे पिकली, कुठल्या बंदरात आली, तिथून धुळ्याच्या रेशन दुकानात कशी पोचली आणि त्या बदल्यात आपलं सरकार काय देतं. मुलं पुढे सरकून ऐकत होती. एका मुलीने विचारलं, "बाई, तिकडचे लोक पण हिची भाकरी करतात का?" मी खरं ते सांगून टाकलं, की तिकडे ही बहुतेक गुरांना घालतात. पुढे सरकलेली मुलं मागे सरकून बसली. घरी जाऊन त्यांना तीच भाकरी खायची होती. खरं बोलण्याची मला फार हौस. ऐकणाऱ्याच्या ताटात काय आहे ते आधी बघावं, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

त्याच वर्षी रुपयाचं अवमूल्यन झालं. साक्रीकडच्या एका खेड्यातला मुलगा आमच्याकडे होता, तो दर सोमवारी एस.टी.ने यायचा. त्याने चेहरा पाडून विचारलं, "बाई, रुपयाची किंमत कमी झाली, मग कंडक्टर आता जास्त मागेल का?" मी अर्धा तास घालवला. परदेशातून माल आणताना जास्त रुपये मोजावे लागतील, आपला माल तिकडे स्वस्त पडेल, देशात चालणारा रुपया तोच राहील, असं सगळं फळ्यावर काढून दाखवलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "म्हणजे साक्रीपर्यंत तोच चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं. पुढे महागाई वाढली आणि तिकीटही वाढलं, तेव्हा तो शाळा सोडून गेलेला होता. माझ्याबद्दल त्याचं काय मत झालं असेल कोण जाणे.

आता सोन्याकडे येते. त्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे.

मी माहेरची जळगावची. जळगाव म्हटलं की बाहेरच्यांना केळी आठवतात, पण खानदेशातल्या माणसाला सोनं आठवतं. लग्नाची यादी झाली की अर्धा खानदेश जळगावच्या सराफ बाजाराची वाट धरतो. तो बाजार बघतच मी मोठी झाले. बायका पदराखाली डबी धरून आत जायच्या आणि बाहेर येताना तीच डबी दोन्ही हातांनी धरलेली असायची. कॉलेजात अर्थशास्त्र शिकले आणि मला त्या डबीचा राग यायला लागला. हा पैसा कारखान्यात जात नाही, विहिरीत जात नाही, शाळेत जात नाही, नुसता कपाटात पडून राहतो. सरकारही तेव्हा तेच सांगत होतं. सोन्यावर नियंत्रण आलं होतं, पोस्टाच्या भिंतीवर बचतीच्या जाहिराती होत्या. मला वाटायचं, सरकार, पुस्तकं आणि मी, तिघं एका बाजूला आहोत म्हणजे बाजू खरीच असणार.

एकोणसत्तरच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पैशाच्या तासाला एक गृहपाठ दिला. घरात झोपलेला पैसा शोधून त्याची यादी करा. जो पैसा काही काम न करता पडून आहे तो झोपलेला. नावं लिहायची नाहीत, कोणाच्या घरी किती हे वर्गात सांगायचं नाही, पण हिशेब करून आणायचा. हाच पैसा पोस्टात ठेवला असता तर आज किती झाला असता? आणि फळ्यावर मी माझ्या सुवाच्य अक्षरात पहिली ओळ लिहून दिली: 'समजा, सोन्याचा भाव तोच राहिला.'

याद्या मोठ्या गमतीच्या आल्या. कोणी तांब्याचे हंडे लिहिले, कोणी आजोबांनी गवऱ्यांच्या ढिगात लपवलेल्या नोटा लिहिल्या. शांतिलाल नावाचा एक मुलगा होता. त्यांचं गल्ली नंबर चारमध्ये किराण्याचं मोठं दुकान, घराणं मूळ राजस्थानातलं. त्याने कोरा कागद आणला. वर लिहिलं होतं, 'आमच्या घरात पैसा झोपत नाही.' वर्ग हसला, मीही हसले.

पुढच्या शनिवारी शांतिलालचे आजोबा स्वतः शाळेत आले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छत्री. हेडमास्तरांची परवानगी काढून ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. म्हणाले, "पोरगा घरी येऊन रोज काही नवं सांगतो. म्हटलं, बघावं तरी." मी जरा चेवातच शिकवलं. फळ्यावरचा हिशेब संपला तेव्हा शेटजींनी हात वर केला, अगदी विद्यार्थ्यासारखा.

"बाई, हिशेब तुमचा एकदम बरोबर. पण हे वर 'समजा' लिहिलं, ते कोणाला विचारून?"

मी म्हटलं, "शेटजी, गणित सोपं करायला काहीतरी स्थिर धरावं लागतं."

"गणित सोपं झालं, बाई. बाजार सोपा नाही झाला."

मुलं खिदळली. मला राग आला. चार यत्ता शिकलेल्या दुकानदाराने माझ्या वर्गात माझी चूक काढावी, हे मला झोंबलं. मी हसून म्हटलं, "तुमच्यासारखे व्यापारी सोन्याची बाजू घेणारच." ते उठले, हात जोडले आणि निघून गेले. जाताना म्हणाले, "मी कुणाची बाजू नाही घेत. मी भाव विचारतो." तिथेच मी थांबायला हवं होतं. पुढच्या शनिवारी 'समजा, भाव दुप्पट झाला' आणि 'समजा, भाव निम्मा झाला' असे दोन हिशेब करून घेतले असते, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी त्या शनिवारी सहकारी दूध डेअरीवर गेले.

या वर्गात शकुंतला होती. दहावीची, बारीक, दोन वेण्यांची, गणितात अतिशय पक्की. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, हंगामात महिना-महिना बाहेर असत. घर चालायचं तिच्या आईवर. आई देवपुरात खानावळ चालवायची. कॉलेजात शिकणारी खेड्यापाड्यांतली पंधरा-वीस मुलं दोन वेळा तिच्याकडे जेवायला असत. सगळं देवपूर तिला अक्का म्हणायचं. शकुंतलाचा गृहपाठ वर्गात सगळ्यांत उत्तम होता. आईचं लग्नातलं पाच तोळे सोनं, वीस वर्षं पोस्टात असतं तर किती झालं असतं, हे तिने वर्षागणिक चक्रवाढीने काढलं होतं. मी दहापैकी दहा दिले आणि वही वर्गात फिरवली.

साधारण महिनाभराने, सत्तर साल लागल्यावर, शकुंतला एक पाकीट घेऊन आली. पाकिटात पोस्टाची सात वर्षांची बचतपत्रं होती. आईला तिने तो हिशेब रोज संध्याकाळी भाकऱ्या थापताना वाचून दाखवला होता. शेवटी अक्काने पोत, एकदाणी आणि पाटल्या, सगळं मोडलं आणि पोस्टात भरलं. मला काय वाटलं ते सांगते. मला अभिमान वाटला. मी ती बचतपत्रं वर्गासमोर उंच धरली. मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. हेडमास्तरांना नेऊन दाखवली. तपासणीला आलेल्या साहेबांनाही हे उदाहरण सांगितलं, आणि त्यांनी वहीत शेरा लिहिला. आज त्या टाळ्या आठवल्या की मान खाली जाते.

पुढे काय झालं ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. एकाहत्तर साली अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली. त्र्याहत्तरमध्ये अरबांनी तेल महाग केलं. आमच्याकडे घासलेटला रांगा लागल्या, डालडा मिळेना, आणि सोनं दर महिन्याला वर चढायला लागलं. पेपरातले बाजारभाव मी आधी क्वचित वाचायची, आता पहिल्यांदा तेच पान उघडायला लागले. चौऱ्याहत्तरमध्ये सोन्याचा भाव अक्काने विकलं त्याच्या अडीचपटीच्या वर गेला होता. दूर देशातल्या निर्णयाने आपल्या घरात काय होतं, हे शिकवायला मी नकाशे काढत होते, मिलोच्या मुठी पसरत होते. त्याचं याहून चांगलं उदाहरण मला शोधूनही मिळालं नसतं, पण ते मी वर्गात सांगू शकत नव्हते.

त्याच वर्षी शकुंतलाचं लग्न ठरलं. ती तोवर कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. मुलगा जळगावचा, नोकरीवाला, माणसं बरी. हुंडा नको म्हणाले, पण पोरीच्या अंगावर चार तोळे असावेत, एवढं म्हणाले. आमच्याकडे तेवढं कोणीही म्हणतं.

अक्का एका दुपारी शाळेत आली. शिक्षकखोलीबाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर तेच पाकीट. मला बघून उठली नाही. मी शेजारी बसले. ती आमच्या खानदेशी बोलीत म्हणाली, "बाई, चार तोळा मांगतस. ह्या कागद मोडात ते दोन तोळा बी येत नही. आते काय करानं?"

मी तिला मुदतीआधी मोडू नका, तोटा होईल, तीन वर्षं थांबा, असं काहीतरी सांगायला लागले. बोलताना मी हात हलवत असणार, कारण तिचं लक्ष माझ्या मनगटांकडे गेलं. दोन्ही हातांत मिळून माझ्या चार पाटल्या होत्या, एकेक तोळ्याच्या, माहेरच्या, जळगावच्या. मग अगदी साध्या आवाजात, कुणाला भाजीचा भाव विचारावा तसं तिने विचारलं,

"बाई, तुम्ही तुमनं सोनं इकं का?"

मी विकलं नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या चार पाटल्या घालून मी दर शनिवारी फळ्यावर 'झोपलेला पैसा' असं लिहीत होते. पोरांनी कधी विचारलं नाही, कदाचित बाईंचे हात त्यांना शाळेच्या भिंतीसारखेच वाटत असावेत. आणि मला स्वतःला तर ते दिसलंच नव्हतं. ढोंग म्हणावं तर मी ते जाणूनबुजून केलं नव्हतं. दुसऱ्याचं सोनं मला पैसा वाटत होतं आणि माझं सोनं आईने दिलेलं वाटत होतं, एवढंच. अक्काचंही तिच्या आईनेच दिलेलं होतं.

घरी आले आणि यजमानांना सगळं सांगितलं. ते सरकारी कचेरीतले, कमी बोलणारे. म्हणाले, "तुझ्या आहेत, तू ठरव." दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अक्काच्या घरी गेले. जेवणाऱ्या पोरांच्या पंक्ती उठून गेल्या होत्या, ती परातीत उरलेल्या पिठावर फडकं घालत होती. मी चारही पाटल्या काढून तिच्यासमोर पाटावर ठेवल्या. मला वाटलं, ती नको म्हणेल. मनातून थोडी आशाही असावी, खोटं कशाला सांगू.

अक्का नको म्हणाली नाही. तिने हात पुसला, एकेक पाटली तळहातावर घेऊन अंदाज घेतला आणि त्यातल्या दोन बाजूला केल्या.

"ह्या दोन मी लेस. मी आयकं, ती चूक मनी. तुम्ही सांगं, ती चूक तुमनी. निम्मं-निम्मं. बाकीना दोन तोळा मी खानावळना पैसामा करसू."

आणि उरलेल्या दोन तिने स्वतः माझ्या हातात चढवल्या, एकेका मनगटात एक. घट्ट होत्या, तिने पाण्याचा हात लावून चढवल्या. रागाचा शब्द नाही, उपकाराचा नाही. बाजारात दोन शहाणी माणसं व्यवहार मिटवतात तसा तिने तो मिटवला. मी परत येताना पांझरा नदीच्या पुलावर थांबले आणि मनसोक्त रडले. तिने चारही नाकारल्या असत्या तर मी जन्मभर अपराधी राहिले असते. तिने मला माझा वाटा भरू दिला.

लग्न झालं. शकुंतला माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या हातात त्या पाटल्या होत्या. तिला कुठून आल्या ते माहीत होतं. ती हळूच म्हणाली, "बाई, हिशेब माझाही होता ना." मी तिला जवळ घेतलं.

मग मी शेटजींच्या दुकानात गेले. ते आता गादीवर कमी बसत, पण डोकं शाबूत. मी सरळ सांगितलं, "तुमचं ऐकलं नाही, चुकले." ते म्हणाले, "बसा बाई, चहा घ्या." मी विचारलं, सोन्याचे जुने भाव तुमच्याकडे मिळतील का? त्यांनी शांतिलालला माळ्यावर चढवलं. लाल कापडातल्या वह्या खाली आल्या. घरात लग्नकार्य असेल त्या वर्षी काय भावाने सोनं घेतलं, ते त्यात होतं, पार त्यांच्या बापाच्या काळापासूनचं. सगळं मोडी आणि मारवाडीत. त्यांनी वाचून दाखवलं, मी लिहून घेतलं. काही वर्षं भाव वाढला होता, काही वर्षं तसाच पडून होता, मध्ये एकदोनदा उतरलाही होता. तो तक्ता मी पुढे दर वर्षी वर्गात लावला आणि त्याखाली कापसाचा, ज्वारीचा आणि पोस्टाच्या व्याजाचा. मुलांना म्हणायचे, यातून पुढचं वर्ष काढून दाखवा. कोणालाच येत नसे, मलाही नाही. पण काय शोधायचं आणि कोणाला विचारायचं, ते मुलांना कळायला लागलं.

सत्त्याहत्तर साली बचतपत्रांची मुदत भरली. अक्का पुन्हा शाळेत आली, त्याच बाकावर बसली. केस पांढरे झाले होते, खानावळ अजून चालू होती. पोस्टातून मिळालेल्या नोटा तिने रुमालात बांधून आणल्या होत्या. ती गाठ सोडून तिने नोटा माझ्यासमोर धरल्या. मला वाटलं, माझ्या पाटल्यांचे पैसे द्यायला आली. मी हात मागे घेतला.

"द्यावाले नही उनू," ती म्हणाली. "इचाराले उनू. आते याना काय करानं? सोनं लेऊ का कागद लेऊ?"

एवढं सगळं होऊन ती मलाच विचारायला आली होती. माझ्या डोक्यात व्याजाचे दर होते, तेलाचे भाव होते, शेटजींच्या वह्यांतला दोन पिढ्यांचा तक्ता होता. पण मी म्हटलं, "अक्का, खरं सांगू? मला माहीत नाही."

अक्काने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, नोटा परत रुमालात बांधल्या आणि माझ्या शेजारी सरकून, पाय वर घेऊन आरामात बसली.

"मंग आते सांगा," ती म्हणाली. "आते तुमनं आयकाले काही भ्याव नही."